तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर मराठी लिहायचं तरी कसं?

"फोनवर मराठी लिहायला फार वेळ जातो हो, म्हणून आम्ही आपलं इंग्रजी अक्षरांतच लिहून टाकतो. तुम्ही एवढं सगळं देवनागरीत कसं लिहिता?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं.

उत्तर असं, की लिहिण्याचे मार्ग तीन आहेत आणि तिन्ही एकाच कीबोर्डात बसतात. रोजचा किरकोळ मजकूर इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरीत उतरवायचा, लांबलचक मजकूर बोलून लिहायचा, आणि माणसांची-गावांची नावं थेट देवनागरी अक्षरं दाबून लिहायची. बहुतेकांची गाडी अडते ती तिन्ही कामं एकाच मार्गाने रेटायला जातात म्हणून.

आधी कीबोर्ड लावून घ्या. ॲण्ड्रॉइड फोनवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर सेटिंग्जमध्ये खोल शिरायला नको. व्हॉट्सॲपवर कुठलाही निरोप लिहायला घ्या, कीबोर्ड वर आला की स्वल्पविरामाचं बटण दाबून धरा, दातेरी चाकाचं चिन्ह येईल. त्यातून भाषा, मग कीबोर्ड जोडा, मग मराठी. इथे मांडण्यांचे पर्याय दिसतात: थेट देवनागरी, 'एबीसी'वरून मराठी, आणि हाताने लिहिण्याचा. एकच निवडून बाहेर पडू नका, पहिले दोन तरी घ्याच. पृथ्वीगोलाचं बटण किंवा स्पेसबार दाबून धरला की एकातून दुसऱ्यात जाता येतं. सॅमसंगच्या फोनवर कंपनीचा स्वतःचा कीबोर्ड असतो, त्यातही मराठी आहे. आयफोन आणि आयपॅडवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स या वाटेने जाऊन नवा कीबोर्ड म्हणून मराठी जोडायचा. यासाठी फोनची भाषा बदलावी लागत नाही. मेनू इंग्रजीतच राहू द्या.

एक चूक मात्र घरोघरी दिसते: दुकानदाराने फोन देताना हिंदी कीबोर्ड लावून दिलेला असतो आणि लिपी तीच म्हणून लोक त्यावरच मराठी लिहीत राहतात. लिपी एक असली तरी कीबोर्डाच्या पोटातला शब्दकोश हिंदीचा. तो 'पाणी'ला 'पानी' सुचवणार आणि ळ शोधायला लावणार. हिंदी लागत नसेल तर काढूनच टाका.

आता इंग्रजी अक्षरांवरून मराठी. वेगाला हा मार्ग उत्तम, पण त्याची खोड ओळखून असा. इंग्रजीत ल आणि ळ दोघांसाठी एकच 'एल', न आणि ण साठी एकच 'एन', त आणि ट साठी एकच 'टी'. तुम्ही काय म्हणालात ते यंत्राला कळत नाही, ते शब्दकोशातून अंदाज बांधतं. 'पाणी', 'शाळा', 'संध्याकाळ' बरोबर येतात, कारण ते रोज लाखो लोक लिहितात. आडनाव आलं की अंदाज फसतो. के-ए-एल-ई दाबलंत तर काळे, काले, कळे, कले यांपैकी काहीही येऊ शकतं. अशा वेळी स्पेस दाबण्याआधी कीबोर्डाच्या वरच्या, शब्द सुचवणाऱ्या पट्टीकडे बघायची सवय लावा, योग्य शब्द बहुधा तिथे दुसरा-तिसरा असतो. दोन-चार वेळा निवडलात की पुढे येतो. चुकीचा शब्द कीबोर्डाच्या डोक्यात बसला असेल तर पट्टीतला तो शब्द दाबून धरा आणि कचरापेटीवर ओढून सोडा.

सरकारी किंवा बँकेच्या ऑनलाइन अर्जात इंग्रजी नाव लिहिलं की शेजारच्या चौकटीत मराठी नाव आपोआप उमटतं, तिथेही हाच अंदाज चाललेला असतो. ते उमटलेलं पुसून नाव देवनागरी मांडणीतून स्वतः लिहा. नंतर काळेंचे काले झाल्याचं दुरुस्त करायला किती खेटे पडतात ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं अक्षर म्हणजे 'दुसऱ्या'तलं ऱ्या. लोक र, मग पायमोड (अक्षर अर्धं करणारी खालची तिरकी खूण), मग य असं दाबतात आणि हाती येतं 'दुसर्या', य च्या डोक्यावर रफार चढलेला. यात यंत्राची चूक नाही. र आणि य जोडले की रफार व्हायचा हाच नियम आहे, 'सूर्य', 'कार्य' तसेच होतात. मराठीत मात्र दोन वेगळे उच्चार आहेत. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना व्याख्यानाला बोलवायचं आणि आचाऱ्यांना भात लावायला सांगायचं. उलट झालं तर पंचाईत. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे फोन आणि संगणक अक्षरांसाठी पाळतात त्या सामाईक यादीत, या उच्चारासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे. देवनागरी मांडणीत र दाबून धरला की छोटी पट्टी उघडते, तिच्यातला टिंबवाला ऱ घ्या, मग पायमोड, मग य. लिहिताना टिंब दिसतं आणि य जोडला की नाहीसं होऊन आडवी वळलेली रेघ येते, तेव्हा घाबरू नका. ह जोडला तर कऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाडसुद्धा याच वाटेने. इंग्रजी अक्षरांवरून लिहीत असाल तर 'दुसऱ्या' पट्टीत येतोच, पण आचारी-आचार्यांमध्ये निवड तुम्हालाच करायला हवी.

जुन्या संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेल्या मजकुरात हेच अक्षर कधी कधी साधा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडखूण अशा वेगळ्या रचनेने लिहिलेलं असतं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. शोधायला गेलात की बऱ्याच ठिकाणी एक सापडतो आणि दुसरा नाही.

ॲ ची गतही तशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून भागवत, काही जण हिंदी कीबोर्डावरचा ए वर चंद्र असलेला घेत. तिन्ही आजही वापरात आहेत. वकिलांचे नंबर 'ॲड.' लिहून साठवले असतील आणि शोधताना दुसऱ्या रीतीचा ॲ पडला, तर फोन सरळ 'कोणी नाही' म्हणतो. एकच रीत धरा. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ घेतले आहेत, म्हणून तोच सुटा ॲ धरावा.

हे सगळं एकदा ध्यानात आलं की खोडण्याचंही कोडं सुटतं. फोन अक्षर चित्रासारखं साठवत नाही, घटकांची माळ साठवतो. 'स्त्री' म्हणजे स, पायमोड, त, पायमोड, र, दीर्घ वेलांटी असे सहा घटक. खोडायचं बटण बहुतेक ॲण्ड्रॉइडवर एका वेळी एकच घटक खातं. म्हणजे फक्त वेलांटी चुकली असेल तर एकदाच दाबायचं, अख्खं अक्षर पुसायचं नाही. पण जोडाक्षराच्या मधोमध कर्सर ठेवता येत नाही, त्यामुळे 'स्त्री'तला स बदलायचा तर मागून सगळं खोडत यावं लागतं. कर्सर नेमका ठेवायला बोट काचेवर टोचत बसू नका. जीबोर्डात स्पेसबारवर बोट ठेवून डावीकडे-उजवीकडे सरकवा, कर्सर एकेक पाऊल चालतो. आयफोनवर स्पेसबार दाबून धरल्यावर तेच होतं. एवढी एक युक्ती शिकलात तरी लेख वाचल्याचं सार्थक.

बोलून लिहिण्याबद्दल लोकांचे दोन टोकांचे अनुभव असतात. काहींना ते जादू वाटतं, काही म्हणतात की भलतंच उमटतं. भलतं उमटण्याचं पहिलं कारण म्हणजे कीबोर्ड इंग्रजीवर किंवा हिंदीवर असतानाच माइक दाबलेला असतो. आधी मराठी कीबोर्डावर या, मग माइक दाबा. माइकच दिसत नसेल तर कीबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये बोलून लिहिण्याची सोय चालू आहे का आणि मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का ते बघा. दुसरं कारण, माणसं एकेक शब्द तोडून, ठसक्यात बोलतात. याने उलट बिघडतं. यंत्र शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, म्हणून अख्खं वाक्य नेहमीच्या चालीने बोला. आधी मनात जुळवून मग बोला, कारण थोडा वेळ गप्प राहिलात की माइक बंद होतो. गूगलने मराठीसाठी ही सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिली आणि तेव्हापासून ती बरीच सुधारली आहे, तरी पूर्णविराम-स्वल्पविराम हाताने द्यायची तयारी ठेवा, आणि आडनावं, आकडे, औषधांची नावं पाठवण्यापूर्वी तपासा. पंखा, मिक्सर, टीव्ही चालू असताना नीट येत नाही. नेट नसेल तर मराठीसाठी यावर विसंबू नका.

रोज तेच ते लिहावं लागत असेल, म्हणजे घरचा पत्ता, सोसायटीची सूचना, दुकानाच्या वेळा, तर शॉर्टकट करून ठेवा. जीबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये शब्दकोश, त्यात वैयक्तिक शब्दकोश, त्यात मराठी. अधिकच्या खुणेवर दाबून वरच्या ओळीत पूर्ण मजकूर आणि खाली 'पत्त' असा छोटा शब्द द्या. लिहिताना 'पत्त' दाबलं की पट्टीत अख्खा पत्ता हजर. छोटा शब्द मुद्दाम अर्धवट ठेवायचा, नाहीतर 'पत्ता' हा शब्द लिहितानाही पत्ता पुढे येत राहील. आयफोनवर हे कीबोर्डाच्याच सेटिंग्जमध्ये, टेक्स्ट रिप्लेसमेंट या नावाने आहे.

टॅबलेटवर गणित थोडं बदलतं. पडदा मोठा असल्याने हाताने लिहिण्याचा कीबोर्ड इथे खरा कामाला येतो, पेन असेल तर फारच छान. बाराखडी गिरवलेल्या आजी-आजोबांना यासारखं दुसरं काही नाही. शिरोरेषा ओढत बसायची गरज नसते, शब्द मात्र सलग लिहायचा.

लेखच्या लेख लिहिणाऱ्यांनी टॅबलेटला ब्लूटूथचा कीबोर्ड जोडावा आणि इन्स्क्रिप्ट शिकावं. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकातली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'वर क, शिफ्ट धरून ख. 'आय'वर ग, शिफ्ट धरून घ. 'एन'वर ल, शिफ्ट धरून ळ. 'डी' म्हणजे पायमोड. आणि ते छळणारं ऱ्या? शिफ्ट आणि 'जे', मग 'डी', मग तिरक्या रेघेचं बटण, मग 'ई'. अंदाज नाही, पट्टी नाही, जे दाबाल तेच उमटतं. रोज अर्धा तास बसलात तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. फक्त निरोपापुरतं लिहिणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये.

मराठी फाइल आली आणि उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, तर फोन बिघडलेला नाही. ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात केलेली असते. तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी रूप चढवलेलं. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकायला गेलात तर पुन्हा चिवडाच येईल, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल फोटोजमध्ये उघडा, लेन्सचं चिन्ह दाबा आणि मजकूर निवडून कॉपी करा. चक्क युनिकोड मराठी हाती येतं. छापील निमंत्रणपत्रिकेचा, नोटिशीचा फोटो काढूनही हेच करता येतं. नंतर भ-म, घ-ध आणि अनुस्वार तेवढे तपासा, चुका तिथेच होतात.

आकड्यांचं एक ध्यानात ठेवा: अर्जातला मोबाइल नंबर, पिनकोड, रक्कम या चौकटी देवनागरी आकडे बहुधा घेत नाहीत आणि 'चुकीचा नंबर' म्हणतात. आकडा दाबून धरून दुसऱ्या लिपीतला मिळतो का पाहा, नाहीतर तेवढ्यापुरतं इंग्रजी कीबोर्डावर जा. साध्या एसएमएसमध्येही मराठीचा खर्च वेगळा आहे. इंग्रजीत एका एसएमएसात १६० अक्षरं मावतात, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि तीही घटकांची. 'महाराष्ट्र' लिहिलंत की दहा गेले.

आणि 'सुंदर मराठी फॉन्ट', 'स्टायलिश मराठी कीबोर्ड' अशी जाहिरातींनी भरलेली ॲप उतरवू नका. कीबोर्ड चालू करताना फोन स्वतःच इशारा देतो की तुम्ही लिहाल ते सगळं हे ॲप गोळा करू शकेल. त्या सगळ्यात तुमचे पासवर्ड आणि ओटीपीही आले. असं काही आधीच लावलेलं असेल तर ते काढा, आणि त्यावरून लिहिलेले बँकेचे पासवर्ड आजच बदला.