सहा डेसिबलची शिट्टी

विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्या कान-नाक-घसा ओपीडीत गर्दी उसळते. ढोल-ताशाजवळ उभे राहिलेले तरुण ‘कानात कुईं होतंय’ म्हणत येतात. त्या गर्दीत लालबागच्या चाळीतले एक काका आले. वय ५४, ऑफसेट छपाईच्या मशीनवर तीस वर्षं काढलेली. त्यांच्या कानातली शिट्टी, म्हणजे कर्णनाद किंवा टिनिटस, मात्र जुनी होती, सहा महिन्यांपूर्वी मीच, इथली श्रवणतज्ज्ञ म्हणून, तपासलेली. “मॅडम, नव्या गोळीनं कान बिघडवला. आवाज दुप्पट झालाय,” ते म्हणाले. बोलताना हात थरथरत होते, कपाळावर घाम. तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे काकूंनी सांगितलं.

असा रुग्ण आला की आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती मोठा केला की जेमतेम ऐकू येतो त्याचा आलेख. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. एका कानाचं ऐकणं अचानक उतरलं असेल, तर स्टिरॉइड लगेच सुरू करावं लागतं. तिथे दिवस वाया गेले की ऐकणं परत मिळण्याची आशा कमी होते. आलेख जुन्यासारखाच निघाला: २००० हर्ट्झपर्यंत ठीक, ४००० ला ५०, ६००० ला ५५ आणि ८००० ला पुन्हा ४० डेसिबल. सतत गोंगाटात काम केलेल्या कानाचा हा ओळखीचा खड्डा. मग शिट्टीची जुळवणी केली. हेडफोनमधून एकेक सूर ऐकवायचा, शिट्टीच्या जवळचा कोणता ते विचारायचं, मग एकेक डेसिबलनं वाढवत ‘एवढाच’ म्हणेपर्यंत जायचं. ६००० हर्ट्झ, ६१ डेसिबल. म्हणजे त्यांना जेमतेम ऐकू येतं त्याच्या फक्त सहा डेसिबल वर. सहा महिन्यांपूर्वीही हाच आकडा होता.

पंचवीस प्रश्नांची टिनिटस त्रासाची प्रश्नावली मात्र ४४ वरून ८२ वर गेली होती. शंभरपैकी ७८ किंवा त्याहून जास्त गुणांचा त्रास सर्वांत वरच्या पायरीचा धरतात. काका खोटं बोलत नव्हते. आवाज तेवढाच होता, त्या आवाजाला घाबरणारी यंत्रणा पेटली होती.

मी त्यांना गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. हे प्रत्येकाला सांगते, कारण ‘बीपीची एक आणि झोपेची एक’ यातून काहीच कळत नाही. पिशवीत बीपीची गोळी, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, कुणीतरी सुचवलेला जिन्को हा वनस्पतीचा अर्क आणि दोन पांढऱ्या स्ट्रिपा निघाल्या. एक एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, पाच दिवसांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेसाठी सुरू केलेली. दुसरी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, चिंता शमवणारी, झोप आणणारी गोळी. ती काका सकाळ-संध्याकाळ आठ महिने घेत होते, जुन्या चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवून. ही औषध नियमांतल्या शेड्यूल एच१ या कडक यादीतली गोळी, केमिस्टनं चिठ्ठी पाहून रजिस्टरला नोंद करायची असते. मानसोपचारतज्ज्ञांना तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. नवी आली म्हणून काकांनी जुनी त्याच दिवशी बंद केली.

उलगडा इथेच झाला. अल्प्राझोलाम मेंदूतला ब्रेक घट्ट करते. महिनोन्‌महिने घेतली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. गोळी शरीरातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मी. म्हणून एकदम थांबवली की एक-दोन दिवसांतच थरथर, घाम आणि निद्रानाश सुरू होतो, कानातला आवाजही टोकदार वाटतो. क्वचित फिटही येते, म्हणून हे प्रकरण उद्यावर ढकलण्यासारखं नव्हतं. त्यात एस्सिटालोप्रामचे पहिले दिवस. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण सुरुवातीला बेचैनी उलट वाढू शकते. जुनी थांबणं आणि नवी सुरू होणं, दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या आणि दोष नव्या गोळीच्या माथी बसला.

शेजारच्या डॉक्टरांनी नाडी मोजली, ११२. औषध ठरवणं माझं काम नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला. त्यांनी दुपारी बोलावून घेतलं. अल्प्राझोलाम पूर्वीच्याच मात्रेत परत सुरू, एस्सिटालोप्राम दहा दिवस ५ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर, मग १०. आयबुप्रोफेन बंद, कारण ती एस्सिटालोप्रामसोबत घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. जिन्कोही बंद, कर्णनादावर त्याचा उपयोग सिद्ध नाही, रक्तस्रावाची भीती मात्र त्यालाही आहे. खरं तर कर्णनाद घालवणारी अशी मान्यताप्राप्त गोळीच नाही. एस्सिटालोप्राम चिंतेवर आहे, शिट्टीवर नाही, हे मी काकूंसमोर दोनदा सांगितलं. ‘शिट्टी अजून वाजतेय, म्हणजे गोळी लागू पडत नाही’ असं समजून महिन्याच्या आत औषध सोडणारे मी फार पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

रात्रीची व्यवस्था माझ्याकडे होती. काका खिडक्या लावून, पंखा बंद करून, कानात कापूस घालून झोपत होते. शांततेत शिट्टी अधिकच उठून दिसते. कापूस काढायला लावला, पंखा चालू, उशाशी रेडिओवर दोन स्टेशनांमधली खरखर. आवाज शिट्टीपेक्षा किंचित खाली ठेवायचा. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही, असं मानतात. रात्री घाबरं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. फिट आली तर थेट कॅज्युअल्टी.

आठ आठवड्यांनी काका आले. जुळवणीत शिट्टी जेमतेम ऐकू येण्याच्या पातळीच्या ७ डेसिबल वर, म्हणजे जवळपास तेवढीच, प्रश्नावलीत ३८, झोप सलग पाच तास. आता अल्प्राझोलाम उतरवायची होती: दिवसाच्या १ मिलिग्रॅममधून दर पंधरा दिवसांनी ०.१२५ कमी, म्हणजे ०.२५ च्या गोळीचा अर्धा तुकडा. हळू विरघळणारी गोळी असेल तर ती तोडायची नाही, म्हणून स्ट्रिपवरचं नाव पुन्हा वाचून घेतलं. शेवटच्या पायऱ्या जास्त जड जातात, कारण ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे निम्मी घट. तिथे पंधराऐवजी महिना थांबायचं असं तज्ज्ञांनी लिहून दिलं होतं. काकूंनी पर्समधून मार्कर काढला आणि एका स्ट्रिपवर ‘सकाळ’, दुसरीवर ‘विचारल्याशिवाय बंद नाही’ असं लिहिलं.