पाच भिडू, पाच तऱ्हा: बोर्डगेमचा ग्रुप कसा जमवावा

टेबलाभोवती पाच जण बसले की त्यात एक हमखास नियमपुस्तिका घरी वाचून आलेला असतो. एकासाठी पट हे निमित्त, खरा रस गप्पांत. एकाला दुसऱ्याचा रस्ता अडवल्याशिवाय खेळल्यासारखं वाटत नाही, एक प्रत्येक टर्नला तीन मिनिटं घेतो, आणि एक पहिल्यांदाच आलेला असतो. ठाणे-नवी मुंबईत असे पाच जण एका रविवारी एकत्र येणंच आधी अवघड. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आहे, नेरूळहून येणाऱ्याची ट्रान्सहार्बर लोकल आहे, आणि सोसायटीचं क्लबहाउस ठरल्या वेळी रिकामं करायचं आहे. हातात राहतात ते तीन-चार तास एकमेकांचे स्वभाव सुधारण्यात घालवू नयेत. कोणत्या गेममध्ये कुठल्या वागण्याचा फायदा होतो, हे पाहून गेम निवडला तर बरीचशी कुरबुर सुरूच होत नाही.

सगळ्यांनी एका बाजूने खेळायचा गेम आणला की चढाओढ संपेल, असं वाटतं. म्हणून ‘पँडेमिक’ (२००८) हा सगळ्यांनी मिळून रोगांची साथ थोपवायचा गेम आणला जातो, आणि नेमका तिथेच एक जण सगळा डाव ताब्यात घेतो. यात त्याच्या स्वभावापेक्षा गेमच्या रचनेचा वाटा मोठा आहे. रोग कुठे किती पसरलाय हे पटावर सगळ्यांना दिसतं, प्रत्येक टर्नला चार कृती मिळतात आणि चर्चेला बंधन नाही. मग ज्याचं डोकं सगळ्यात भरभर चालतं तो ‘तू दिल्लीला ये, कार्ड तिला दे’ असं म्हणत चौघांचे टर्न एकटाच खेळतो.

यावर गप्प बसवणारे गेम हा सर्वांत खात्रीचा उपाय. ‘द क्रू’ हा सगळ्यांनी मिळून मोहिमा पार पाडायचा पत्त्यांचा गेम. त्यात ४० पत्ते असतात: चार रंगांचे १ ते ९ आणि हुकमाचे चार रॉकेट. मेंढीकोट येणाऱ्याला हात कसे करायचे हे वेगळं शिकवावं लागत नाही. एका मोहिमेत प्रत्येकाला फक्त एकदा, एक रंगीत पत्ता उघडा ठेवून, तो आपल्या हातात त्या रंगातला सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकुलता एक आहे एवढंच सांगता येतं. इथे दुसऱ्याचा टर्न खेळणं शक्यच नाही. ‘हनाबी’ या पत्त्यांच्या गेममध्ये तर स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत, इतरांच्या इशाऱ्यांवर खेळावं लागतं, आणि सुरुवातीला असे आठच इशारे हाताशी असतात.

तरीही ‘पँडेमिक’च खेळायचा असेल तर पत्ते झाकून धरा, आणि ज्याचा टर्न आहे त्याने आधी आपला बेत बोलायचा, बाकीच्यांनी विचारलं तरच सांगायचं, असं ठरवा. या गेममध्ये प्रत्येकाला एक भूमिका मिळते, ती चिठ्ठी काढल्यासारखी वाटू नका. डिस्पॅचर या भूमिकेला दुसऱ्यांची प्यादी हलवता येतात. ती भूमिका हुकूम सोडणाऱ्याकडे गेली तर संध्याकाळ संपलीच. ती अबोल भिडूला द्या, म्हणजे बाकीच्यांना त्याच्याशी बोलावंच लागतं.

‘कटान’मध्ये (१९९५) अडचण उलटी आहे. बेटावर वस्त्या उभारत दहा गुणांची शर्यत, पण ती कच्च्या मालाच्या पत्त्यांच्या सौद्यांवर चालते, त्यामुळे बोलका माणूस पुढे जातो आणि लाजरा मागे पडतो. सौदा फक्त ज्याचा टर्न आहे त्याच्याशीच होतो, हा मूळ नियम अनेक ग्रुप सैल सोडतात आणि घासाघीस लांबत जाते. तो काटेकोर पाळा, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी ठेवा. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने लवकर पटावरचं बंदर पकडावं. बँकेशी एरवी चार पत्त्यांना एक पडतं, बंदरावर तीनास किंवा दोनास एक, आणि कोणाला विचारावं लागत नाही.

नव्या भिडूला लिंबूटिंबू करून सूट देऊ नका, त्याला ते लगेच कळतं आणि जिंकण्यात गोडी राहत नाही. ‘कटान’च्या पुस्तिकेत नवख्यांसाठी तयार मांडणी दिली आहे, पहिला डाव सगळेच तीवर खेळा. फाशांवर जमिनीचा आकडा पडला की तिच्याशेजारच्या वस्तीला पत्ते मिळतात, आणि नवखा २ किंवा १२ च्या आकड्याशेजारी वस्ती करतो. दोन फाशांवर हे आकडे ३६ पैकी एकेकदाच पडतात, ६ आणि ८ पाच-पाच वेळा. तो तासभर पत्त्यांशिवाय बसून राहतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. शिवाय ज्याचे दोनच गुण आहेत त्याच्या जमिनीवर चोराचं प्यादं (ते जमिनीचे पत्ते अडवतं) ठेवायचं नाही, एवढा घरगुती नियम जोडा.

रस्ते अडवणाऱ्याला ‘टिकट टू राइड’ हा शहरांमधले रेल्वेमार्ग पकडायचा गेम द्या, पण भिडू मोजून. दोघा-तिघांच्या डावात दोन शहरांमधल्या दुहेरी मार्गांपैकी एकच वापरता येतो, चौघा-पाचांच्या डावात दोन्ही. अडवाअडवी टोचत असेल तर चौघे बसा, खुमासदार वाटत असेल तर तिघे.

हळू खेळणाऱ्याचं गणित सरळ आहे. पाच जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे आपला टर्न यायला आठ मिनिटं. त्यात फोन बाहेर येतात, मग पटावर काय झालं ते पुन्हा सांगावं लागतं. ‘सेव्हन वंडर्स’मध्ये सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात, त्यामुळे सात जण बसले तरी फारसं थांबावं लागत नाही. सहा जण असतील तर तीन-तीनची दोन टेबलं, हे माझ्या मते एका लांबलचक डावापेक्षा केव्हाही बरं. सुरुवातीला ‘कोडनेम्स’ हा दोन बाजूंचा शब्दांचा खेळ लावा, उशिरा पोचणारा पुढच्या फेरीत कुठल्याही बाजूला बसतो. जड गेम सगळे आल्यावर.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे पात्रं होतात अशा भूमिकांच्या खेळात गेम बदलता येत नाही, म्हणून गोष्ट चालवणाऱ्याला आधीच बोलून घ्यावं लागतं. पहिल्या भेटीत प्रत्येकाला दहा नाणी द्या आणि लढाई, संवाद, शोध अशा तीन वाट्यांत टाकायला सांगा. बेरजेवरून सत्राचा वेळ वाटा. लढाई रेंगाळली की संवादवाले कंटाळतात, म्हणून एकसारख्या राक्षसांचा क्रम एकाच फाशावर ठरवा आणि इजा फासे टाकून मोजण्याऐवजी राक्षसाच्या माहितीत छापलेली सरासरी धरा. चोराची भूमिका घेतलेला एखादा भिडू एकटाच टेहळणीला गेला तर पाच मिनिटांत, शक्यतो तो दाराला हात लावतो तिथेच, थांबवा आणि बाकीच्यांकडे वळा. परत त्याच्याकडे याल तेव्हा आतल्या पहारेकऱ्याचं बोलणं रिकाम्या बसलेल्यांपैकी कोणाला तरी द्या.