सॅन हुआन बेटांवर २२ फुटी बोटीने : थांबण्याची तयारी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून सॅन हुआन बेटं आहेत. मोठ्या चार बेटांवर फेरीबोट जाते, गाडी घेऊन आरामात उतरता येतं. पण स्टुअर्ट, जोन्स, सुशिया ही खरी देखणी बेटं फेरीच्या वाटेवर नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही दोघांनी जुनी सी-डोरी २२ ही २२ फुटी मोटरबोट घेतली. ही बोट रुंदीला पावणेआठ फूट, म्हणजे ट्रेलरवर घालून रस्त्याने न्यायला वेगळा परवाना लागत नाही. छोटी केबिन, पुढे दोघांपुरता बिछाना, मागे ९० हॉर्सपॉवरचं इंजिन. या उन्हाळ्यात अ‍ॅनाकोर्टिसहून निघून स्पेन्सर स्पिट, फ्रायडे हार्बर, स्टुअर्ट आणि सुशिया असा फेरा केला. आमच्यासारखी छोटी बोट घेऊन कोणी जाणार असेल, तर पैसे कुठे घालावेत हे सांगायला लिहितोय.

इथे बोटीला सगळ्यांत जास्त लागते ती थांबण्याची तयारी. अ‍ॅनाकोर्टिसच्या वॉशिंग्टन पार्कमधल्या धक्क्यावर बोट पाण्यात उतरवली की समोर रोझारियो सामुद्रधुनी. तिथला प्रवाह ३ नॉटच्या, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या, वर जातो. ओहोटीचं पाणी दक्षिणेकडे धावत असताना दक्षिणेचा वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. सी-डोरीचा तळ बराचसा सपाट. म्हणून ती कमी इंधनात चालते, पण अशा लाटांवर आपटते. आम्ही निघालो त्या सकाळी नेमकं हेच चाललं होतं. बोट धक्क्यालाच ठेवली, पोहे केले, चहा घेतला, आणि प्रवाह मंदावल्यावर थॅचर पास या बेटांमधल्या वाटेने पलीकडे गेलो. तेच पाणी तेव्हा ओळखू येत नव्हतं.

कोकणातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब इथे चालत नाही. दिवसातल्या दोन भरत्यांची उंची खूप वेगळी असते आणि वेळाही तशा सरळ सरकत नाहीत. शिवाय पाणी पूर्ण चढलं म्हणजे प्रवाह थांबला, असंही नाही. दोन्हींच्या वेळांत मोठा फरक पडतो. नोआ या अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचं प्रवाहाचं कोष्टक भरती-ओहोटीच्या कोष्टकाहून वेगळं असतं. निघायची वेळ ठरवायची ती प्रवाहाच्या कोष्टकावरून.

थांबायचं म्हटलं की पहिला खर्च नांगरावर. जुन्या बोटींवर बहुधा हलका, नावापुरता नांगर असतो. तो बदला. आम्ही चांगल्या बनावटीचा सहा किलोचा नांगर, त्याला ३० फूट साखळी आणि पुढे २०० फूट दोर लावला. हिशोब करताना आत्ताची खोली धरू नका. समजा ओहोटीला १० फूट पाणी आहे, भरतीला ते १० फुटांनी चढणार आणि बोटीचा पुढचा भाग पाण्यापासून ३ फूट वर आहे. झाले २३ फूट. त्याच्या पाचपट, म्हणजे ११५ फूट दोर-साखळी सोडायची. वारा असेल तर सातपट. दोरावर दर २५ फुटांवर रंगीत खुणा करून ठेवा, अंधारात मोजत बसावं लागत नाही. नांगर नीट धरलाय याची खात्री असली की झोप लागते, आणि झोप झालेला माणूस सकाळी घाईचे निर्णय घेत नाही.

राज्य उद्यानांच्या बेटांजवळ बोट बांधायला बोये, म्हणजे तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे, आहेत. आधी येईल त्याला बोया मिळतो, शुल्क किनाऱ्यावरच्या पेटीत भरायचं, सलग तीन रात्रींहून जास्त राहता येत नाही. छोट्या केबिन बोटीची अडचण अशी, की पुढे जायची वाट अरुंद; हलत्या बोटीवर तिथे वाकून बोयाची कडी पकडणं धोक्याचं. त्यापेक्षा पुढच्या खुंटीला लांब दोर बांधा, कठड्याच्या बाहेरून तो मागच्या उघड्या भागात आणा. बोया बोटीच्या बाजूला घ्या, मागे उभं राहूनच कडीतून दोर ओवा, आणि मग टोक घेऊन सावकाश पुढे जा. स्टुअर्टच्या रीड हार्बरमध्ये आम्ही दोघांनी आवाजही न चढवता असंच बांधलं. बोयावरून किनाऱ्यावर जायला हवेची छोटी होडी मात्र लागतेच.

दुसरा खर्च ऊब. उन्हाळ्यातही इथलं पाणी १० अंश सेल्सियसच्या आसपास असतं, आणि रात्री केबिनच्या काचांवरून ओल गळते. डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर महाग आहे, तरी घ्याच. गॅसचा उघड्या ज्योतीचा हीटर ओल वाढवतो आणि बंद जागेत जीव घेऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर बिछान्याजवळ लावा. गॅसच्या नळकांड्या केबिनमध्ये ठेवू नका. गळलेला गॅस हवेहून जड असतो, तो तळात साचतो. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. स्वयंपाकाला दीड-दोन लिटरचा कुकर न्यावा. खिचडी लवकर होते, गॅस वाचतो, आणि बोट हलली तरी झाकण घट्ट असल्याने काही सांडत नाही.

विजेसाठी इंजिनची बॅटरी वेगळी आणि घरवापराची वेगळी, ही अट सोडू नका. आमच्याकडे १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छपरावर १०० वॅटचं सौर पॅनेल आहे. छोटा फ्रीज, दिवे, फोन एवढं भागतं. प्रत्येक तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. नकाशा दाखवणारा मोठा पडदा आणि रडार यांचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला तरी चालेल, इतर बोटींशी बोलायचा, पक्का बसवलेला व्हीएचएफ रेडिओ मात्र पहिल्या दिवसापासून हवा. १६ नंबरची वाहिनी ऐकत राहा. रोझारियोमधून तेलाची मोठी जहाजं जातात. ती जहाजांच्या वाहतूक केंद्राशी ५ए या वाहिनीवर बोलतात, ते ऐकलं की कोण कुठून येतंय ते कळतं.

उरलेलं थोडक्यात. बोट चालवणाऱ्याकडे राज्याचं बोटर कार्ड हवं. लाइफ जॅकेट ठेवायचं नसतं, घालायचं असतं. २०१८पासून या पाण्यात शौचाचं पाणी सोडायला बंदी आहे. उचलून नेता येणारं शौचालय घ्या, फ्रायडे हार्बरला रिकामं करायची सोय आहे. स्टुअर्टला फोन कॅनडाचा टॉवर पकडतो, रोमिंग बंद ठेवा.

स्टुअर्टहून सुशियाला जाताना पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके दिसले. म्हणून अंधारात चालवायचं नाही, आणि इंधनाचा एक तृतीयांश भाग कायम शिल्लक. इथले ओर्का (काळे-पांढरे शिकारी सागरी प्राणी) दिसले तर २०२५पासून १००० यार्ड दूर राहायचा कायदा आहे. दुर्बीण न्या.

ऑगस्टमध्ये सकाळी धुकं असतं, आणि बोये दुपारच्या आतच भरतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्ट्या संपतात. त्यानंतरचे दोन आठवडे मिळत असतील तर तेव्हाच जा. सुशियाला फॉसिल बेमध्ये धक्का आहे, पण शॅलो बेमधून सूर्यास्त दिसतो. तिथे पाणी उथळ आहे, आत जाण्याआधी त्या रात्रीची ओहोटी बघून घ्या.