आमची वाटचाल : खड्डा पडायच्या आधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या एका खोलीत आमची फर्म सुरू झाली. मी आणि माझा भागीदार दोघंही सिव्हिलचे, त्याआधी कंत्राटदाराकडं साइटवर खडी-डांबरात वाढलेलो. तिथं एक गोष्ट कायम सलायची. रस्ता झाला, बिल निघालं की त्याच्याकडं बघणारं कुणी नसतं. मग खड्डे पडून लोक ओरडले की पॅचवर्क. म्हणून बांधकामाच्या निविदा भरायच्याच नाहीत असं ठरवलं. रस्ते तपासायचे आणि कुठं, कधी, काय करायचं ते लिहून द्यायचं, एवढंच काम धरलं.

ग्रामपंचायतीत पहिला प्रश्न ठरलेला, "खड्डं आमालाबी दिसत्यात की, त्याला पैसं कशाला?" मग आम्ही सरपंचांनाच रस्त्यावर घेऊन जायचो. पाऊस थांबून रस्ता वरून वाळतो, भेगा मात्र ओल्या, काळ्या राहतात. त्यावरून ट्रॅक्टर गेला की भेगेतून गढूळ पाणी वर येतं. खालच्या थरातली बारीक माती त्या पाण्याबरोबर निघून चाललेली असते, आणि खड्डा तिथंच पडणार असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जायचं.

आपल्या जिल्ह्यात सगळीकडं एकच औषध चालत नाही. शिरोळ, हातकणंगलेकडं काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्त्याची कड फाटते. गगनबावड्याकडं पावसाचा माराच एवढा की गटार आणि मोरी साफ नसेल तर चांगलं डांबरही टिकत नाही. त्यात उसाची अवजड वाहतूक. ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण 16 पट होतं. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाणी ओसरलेले रस्ते वरून धड दिसत होते, पण पोट भिजलेलं होतं. अशा रस्त्यावर लगेच अवजड वाहन सोडू नये, हे आम्ही भेटेल त्याला सांगत होतो.

चाकोरी, म्हणजे चाकांनी रस्त्यावर पडलेला खोलगट पट्टा, मोजायची तीन मीटरची सरळ पट्टी उद्यमनगरातल्याच एका वर्कशॉपनं करून दिली. ती रस्त्यावर आडवी टाकायची, खाली पाचर सरकवायची आणि मिलिमीटर वाचायचे. मोठ्या रस्त्याला बेंकेलमन बीम लावतो, म्हणजे चाकाच्या वजनाखाली रस्ता किती दबतो ते मोजायचा लांब दांडा. त्यासाठी मागच्या ॲक्सलवर 8170 किलो भरलेला ट्रक लागतो. तो भाड्यानं मिळवून वजनकाट्यावर नेमका भरून घेण्यातच अर्धी सकाळ जाते. बिलं उशिरा निघतात, ते या धंद्यात धरूनच चालावं लागतं.

आमच्या अहवालात पहिली शिफारस बहुतेक वेळा डांबराची नसतेच. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, तिच्यावर गवत माजलेलं असतं आणि पाणी रस्त्यावरच तुंबतं. ती आधी जेसीबीनं उतरवा, मग भेगा भरा, असं लिहितो. खड्डा असेलच तर चौकोनी कापून, कडा उभ्या करून, धूळ झाडून, टॅक कोट, म्हणजे चिकटायला पातळ डांबराचा हात, मारूनच भरायचा, आणि रोलर फिरलाच पाहिजे. खड्ड्यात नुसती खडी ओतून जाणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

रस्ता सगळ्यात कमजोर असतो तो पावसाळा संपल्या संपल्या, म्हणून खरी तपासणी तेव्हाच. ज्या गावांना यंदा करून घ्यायची आहे त्यांनी गळीत हंगामाआधी कळवावं. ऊसवाहतूक सुरू झाली की रस्त्यात पट्टी टाकून बसायला जागा मिळत नाही.