महाराजबाग ते तेलंखेडी: घरच्यांना घेऊन भोसल्यांच्या बागा पाहताना

सकाळी महाराजबाग आणि संध्याकाळी तेलंखेडी, अशा नागपूरच्या भोसले राजांच्या दोन बागा एका दिवसात पाहायच्या तर उन्हाच्या कलाने चालावं लागतं. आम्ही आधी दोनदा अकराच्या सुमारास महाराजबागेत पोचलो होतो. वाघ झोपलेला, पोरं खेळण्यांपाशी अडलेली, आजीचे पाय भरून आलेले. तिसऱ्या खेपेपासून क्रम बदलला, तो आजतागायत तसाच आहे.

आधी महिना ठरवायचा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बहावा फुललेला पाहायचा म्हणून एप्रिल-मे निवडणारे हौशी असतात, पण म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर तो मोह टाळावा. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आणि पावसाळ्यात शहराच्या या अंगाची काळी माती चपलेला अशी धरते की दहा पावलांत चप्पल दुप्पट जड होते. वार कोणताही चालेल, सोमवार सोडून. त्या दिवशी महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालयही बंद आणि दुपारी जिथे टेकायचं तो अजब बंगला, म्हणजे शहरातलं जुनं संग्रहालय, तोही बंद.

शिदोरीत सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) न्यायची असेल तर ती तळल्यावर चाळणीवर पूर्ण गार होऊ द्यायची आणि कागद घातलेल्या डब्यात भरायची. गरम वडी झाकली की वाफ धरते, आवरण चिवट होतं आणि आतला सांबार काळा पडतो. दिवसभर टिकण्यात धपाटे आणि फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चटणी सगळ्यांत भरवशाची. पाणी हिवाळ्यातही माणशी दीड लिटर धरायचं. सगळं एकाच मोठ्या कॅनमध्ये न भरता स्टीलच्या बाटल्यांत विभागायचं, म्हणजे ओझं वाटलं जातं आणि प्लॅस्टिकवरून दारात वाद होत नाही. संत्री मात्र भरपूर घ्या. फळ या दिवसांत बाजारात असतं, तहानही भागते. सालं पिशवीतच परत आणायची, हे पोरांना निघतानाच बजावलेलं बरं.

मेट्रोने आलात तर सीताबर्डी इंटरचेंजला उतरून रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत महाराजबाग येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना ऑटोने थेट दारापर्यंत न्यावं, पाय आत वापरायचे आहेत. खिडकीवर सुटे पैसे हाताशी ठेवावेत. पोहे-तर्री (तिखट रस्सा घातलेले पोहे) मुलांना आधी देऊ नका. एकदा तिखट लागलं की पहिला अर्धा तास पाणी आणि आइस्क्रीम यातच जातो.

आत गेल्यावर थेट पिंजऱ्यांकडे जायचं. सकाळच्या गारव्यात वाघ, बिबट, अस्वल हालचाल करत असतात, ऊन चढलं की सावली धरून पडतात. इथे एक तास पुरतो. डबा या भागात अजिबात उघडायचा नाही. माकडांना पिशवीचा आवाज ओळखता येतो आणि ती आजीच्या हातावर झडप घालायला कचरत नाहीत.

जागेची गोष्ट मुलांना चालता चालताच सांगावी, थांबवून सांगितली तर ऐकत नाहीत. राजवाडा महाल नावाच्या जुन्या वस्तीत आणि बाग सीताबर्डीच्या टेकडीच्या पलीकडे, नाग नदीच्या काठाला. म्हणजे राजे शहराबाहेर बागेत येत. त्याच टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी लढाई झाली आणि सत्ता निसटत गेली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, बाग सरकारकडे गेली. १८९४ मध्ये इथे प्राणिसंग्रहालय आलं. १९०६ मध्ये शेतकी कॉलेज निघालं. आज हे सगळं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. बागेची सावली टिकली ती शेतकीवाल्यांच्या हातात राहिल्यामुळे, असं माझं मत आहे.

आता खरा कार्यक्रम: झाडं मोजणं. खेळण्यांपुढे फतकल मारून बसणारी पोरं यानेच हलतात. सामान फार नाही. पाच मीटर सुतळी, मोजपट्टी, कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या, वही. शिंप्याचा टेप दीड मीटरचाच असतो, जुन्या झाडाला पुरत नाही, म्हणून सुतळी गुंडाळायची आणि नंतर ती जमिनीवर ताणून मोजायची. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेतात. वनखात्याची रीत तीच, मोठ्या माणसाच्या छातीची उंची म्हणा. जमीन उताराची असेल तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. चूक कुठे होते? मागच्या बाजूला सुतळी खाली घसरते आणि घेर फुगतो. एकाने मागे उभं राहून ती समपातळीत धरली की झालं. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. पाचवीतल्या मुलाला हा भागाकार झाडाखाली बसून करायला का कोण जाणे आवडतो. पारंब्या खोडाला चिकटलेल्या वडाचा घेर घेऊ नका. ते खोड राहिलेलं नसतं, जुडगा असतो.

उंचीसाठी शाळेत शिकवलेली सावलीची रीत इथे फसते. पसरट झाडाच्या सावलीचं टोक शेंड्याचं नसतं, फांद्यांच्या कडेचं असतं, त्यामुळे झाड आहे त्यापेक्षा उंच भरतं. त्याऐवजी गुण्या डोळ्याशी असा धरायचा की एक काटकोनी बाजू जमिनीला समांतर आणि दुसरी उभी राहील. मग तिरप्या बाजूवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. दिसला की तिथून खोडापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायची. अंतर १४ मीटर आणि डोळे सव्वा मीटरवर असतील तर झाड सव्वापंधरा मीटरचं. मागे सरकणाऱ्याच्या पाठीशी एक मोठं माणूस हवंच, कारण नजर वर असते आणि पाय गटारात जातो. उंच फांद्यांवर आग्या मोहोळ आहे का, तेही आधी बघून घ्यावं. असेल तर ते झाड सोडून द्या. दगड, धूर, उग्र अत्तर काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नयेत, ओढणीने डोकं-तोंड झाकून लांब निघून जावं.

चार झाडं पुरे, पाचव्याला कंटाळा येतो. साडेअकराला डबा, गवतावर चादर टाकून.

बारा ते तीन ही वेळ बागेची नाही. आम्ही सिव्हिल लाइन्सच्या बाजूला अजब बंगल्यात जातो. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय ते, महाराजबागेपासून ऑटोने काही मिनिटांवर. छत उंच, आत गारवा. आजी-आजोबांना आधी बसण्याची जागा पाहून द्यायची, पोरांना पेंढा भरलेले प्राणी दाखवायचे. सकाळचा जिवंत बिबट ताजा असतो, त्यामुळे त्यांचे प्रश्न बरे येतात.

चारच्या सुमारास तेलंखेडीकडे निघावं. तिथे मेट्रो नाही, ऑटोच करावा लागतो आणि रविवारी तिथल्या फुटाळा तलावाच्या रस्त्यावर पाचनंतर गर्दी होते. ही बागही भोसल्यांचीच आणि तलावाशेजारी. जुन्या बागा पाण्याला धरूनच लावत, तलाव भरलेला राहिला की आसपासच्या विहिरींना पाणी राहतं, मोट चालते. महाराजबागेला नदी, इथे तलाव, एवढं मुलांनी पकडलं तरी दिवस सार्थकी लागला. इथे मोजमाप नको, नुसतं फिरायचं. विलायती शिरीष दिसला तर तिन्हीसांजेला त्याची पानं मिटताना दाखवा.

सूर्यास्त डिसेंबर-जानेवारीत पावणेसहाच्या आगेमागे होतो. फुटाळ्याच्या चौपाटीवरून समोर पाण्यावर सूर्य बुडताना दिसतो, म्हणून साडेपाचला तिथे जागा धरलेली असावी. स्वेटर सकाळपासून पिशवीच्या तळाशी जातात ते आत्ताच लागतात, तेव्हा निघतानाच वर ठेवावेत. सूर्य बुडाला की पाण्यावरून गार वारा लगेच सुटतो. भुट्टा खाऊन होईपर्यंत ऑटोवाल्यांचे भाव चढलेले असतात. दोन माणसांनी आधी जाऊन भाव ठरवावा, मग बाकीच्यांना उठवावं.