पडवीतली पिल्लं : श्रावणातली प्रगती

आषाढात लिहिलं तेव्हा मांजराची तिन्ही पिल्लं टोपलीतच असायची. आता ती दोन महिन्यांची झालीत आणि वेंगुर्ल्याचं आमचं सगळं घर त्यांचं आहे. हळद्या पिवळा, काजळ काळीकुट्ट आणि गोधडी तीनरंगी. तीनरंगी मांजर बहुतेक वेळा भाटीच असते, तशी हीही. डोळ्यांची निळाई तिघांचीही उतरायला लागली आहे. पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा निळेच असतात, खरा रंग साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून चढू लागतो. ज्यांच्याकडे याहून लहान पिल्लं आहेत त्यांनी निळ्या डोळ्यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा.

या महिन्यात माझी फोटो काढायची पद्धतच बदलली. मी एका जागी बसते आणि खेळ तिथे येईल असं बघते.

याचं कारण उजेड. मांजरं उजाडताना आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त उधळतात, आणि नेमका तेव्हाच उजेड कमी असतो. त्यात आमचं घर जांभ्याचं, छप्पर उतरतं, कौलारू. पावसाळ्यात माजघरात भरदुपारीही दिवा लागतो. धावत्या पिल्लाचा पंजा रेखीव हवा असेल तर शटर निदान १/५०० सेकंद लागतं, उडीसाठी १/१०००. एफ २.८ वर (हा आकडा लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगतो, जितका लहान तितकं जास्त उघडं) १/५०० धरलं तर माजघरात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत जातो आणि लव पार पुसली जाते. तेच पडवीच्या कडेला, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, ढगाळ दुपारी १६०० मध्ये भागतं. अंतर चार पावलांचं, पण उजेडात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट फरक. शिवाय ढगांतून झिरपलेला हा उजेड एका बाजूने आणि मऊ येतो, त्यामुळे मिशांचा केस न् केस दिसतो. पावसाळ्यात फोटो होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा पडवीत बसून बघावंच. मला तर हा उजेड उन्हाळ्यातल्या कडक उन्हापेक्षा कितीतरी आवडतो.

खेळ पडवीत आणायची युक्ती आजीमुळे सापडली. ती चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) हीर काढून वाढवण, म्हणजे झाडू, बांधायला बसली की सोललेल्या पातींची टोकं जमिनीवर सळसळतात आणि तिघंही जिथे असतील तिथून धावत येतात. मी कॅमेरा घेऊन उठले की ती म्हणते, "तू खय धावतंस? बस थंयच, ती येतली." आता तीच एक पात हळूहळू ओढते आणि मी जमिनीला पोट टेकून समोर पडून राहते. पात कॅमेऱ्याच्या दिशेने ओढायची. आडवी ओढली की पिल्लू बाजूने दिसतं, समोर ओढली की डोळे थेट लेन्सकडे येतात.

झेपेचा क्षण पकडायचा तर पिल्लाचं मागचं अंग बघा. मान खाली जाते, कान पुढे येतात, मग ढुंगण डावी-उजवीकडे हलायला लागतं. त्यानंतर क्षणात उडी येतेच. ढुंगण हलायला लागलं की बर्स्ट (एकामागोमाग भराभर फोटो) सुरू करायचा. आधी मी पिल्लू हवेत गेल्यावर बटण दाबायचे, आता उडीची सुरुवातही हातात येते. फोकस सतत चालू ठेवायचा आणि प्राण्यांचे डोळे ओळखायची सोय असेल तर तीही लावायची. पात तोंडावर आली की ही सोय चुकते, मग मधला एकच फोकस बिंदू बरा.

नवीन मंडळींसाठी एक हिशेब. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने, एफ १.८ ला, एक मीटरवरून जेमतेम तीन सेंटिमीटर भाग रेखीव येतो. म्हणजे डोळा नीट आणि कान धूसर. निजलेल्या पिल्लाला ते शोभतं. खेळताना मी एफ २.८ च्या खाली उतरत नाही आणि दोघं एकत्र असतील तर एफ ४.

काजळने मला एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ ठेवायचा ते, शिकवलं. चौकट काळ्या अंगाने भरली की कॅमेरा ती उजळ करायला जातो आणि काजळ राखाडी दिसते. तिच्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम उणे एक लावते. सारवलेल्या जमिनीवर ती हरवून जायची, म्हणून आईच्या जुन्या फिकट साडीची घडी खाली पसरते. हळद्याला काहीच लागत नाही, तो शेणाच्या जमिनीवर सोन्यासारखा उठून दिसतो.

फ्लॅश मी लावत नाही. मांजराच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरून उजेड परततो आणि डोळ्यांच्या जागी हिरवे गोळे येतात. घरातल्या एलईडी दिव्यांचंही जपून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० ला एक फ्रेम उजळ आणि पुढची अंधारी येते, कधी आडवे पट्टेही.

फोनवर काढणाऱ्यांनी मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मिशा खातो.

आणि एक कळकळीची विनंती. खेळायला लोकर, दोरा किंवा फीत देऊन उठून जाऊ नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो आणि आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. फोटो झाले की आमच्याकडे पाती, सुंभ, सगळं उचलून फळीवर जातं. कितीही सुंदर फोटो मिळत असला तरी यात ढिलाई नको.

लेन्ससाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की बुरशीची धास्ती नाही. या हवेत हे पावसाळा लागायच्या आधीच करावं.

पुढचं काम ठरलं आहे. माजघरातल्या काचेच्या कौलातून पाऊस उघडला की उन्हाचा एक तुकडा खाली पडतो आणि सरकत जातो. गोधडी त्याच्यामागोमाग जागा बदलत अंग चाटत बसते. तिथे उन्हावर एक्स्पोजर धरून बाकीचं घर काळोखात सोडायचं आहे. तिघांचे डोळे एकाच चौकटीत रेखीव असा फोटो अजून झालेला नाही, त्यासाठी एफ ५.६ लावून पडवीत प्रयत्न चालू आहेत. चतुर्थीनंतर हळद्या शेजारच्या काकींकडे जाणार, त्याच्या आत तो हवा. कुणी तीन पिल्लांना एका ओळीत बघायला लावलं असेल तर कसं ते नक्की सांगा.