पाणी तक्रारींचा डॅशबोर्ड: आधी शीट नीट करा

शीटमधल्या नोंदींचे तक्ते-आलेख एका पानावर (डॅशबोर्डवर) दाखवणारा गूगलचा लुकर स्टुडिओ फुकट मिळतो, पण खरं काम गूगल शीटमध्येच असतं. एका ओळीत एकच तक्रार: तारीख, प्रभाग, प्रकार, निवारणाची तारीख. मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल नकोत, मध्येच ‘एकूण’ची ओळही नको; तीसुद्धा तक्रार म्हणून मोजली जाते.

शीटचं लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते ठरवणारं सेटिंग) अमेरिकेचं राहिलं तर ५/३ हा ५ मार्च न राहता ३ मे होतो, आणि १३ तारखेपासूनच्या नोंदी नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. म्हणून नोंदी भरण्याआधीच शीटच्या सेटिंग्जमध्ये भारत निवडा. शीट लुकर स्टुडिओला जोडल्यावर तिथे प्रभाग क्रमांकाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर क्रमांकांचीच बेरीज दिसते. मग तारखेचा फिल्टर, प्रभागाचा ड्रॉपडाउन, एक बार चार्ट. सुरुवातीला एवढं पुरे. तक्रारदारांचे फोन नंबर मात्र जोडलेल्या शीटमध्ये ठेवूच नका.